जागा एकच असते: कॉलेज फुटबॉलमधील क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीविषयी

आपण लिहिले आहे की आपला मुलगा डॅलसजवळच्या एका शाळेत अकरावीत शिकतो आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून खेळतो. दोन विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी त्याच्याविषयी विचारणा केली आहे. घरात या खेळाची ओळख कोणालाच नसल्यामुळे ही वाट पुढे कुठे जाते, किती वर्षांची असते आणि तिच्यात शिक्षणाचे काय होते, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी एकोणीस वर्षे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात खेळाडू विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सल्लागार म्हणून काम करतो आहे. चेंडू कसा फेकावा हे मला सांगता येणार नाही, आणि ते सांगणारे टेक्सासात पावलोपावली भेटतील. परंतु या मुलांच्या वर्षांचे, क्रेडिटांचे (विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांचे) आणि निर्णयांचे गणित रोज माझ्या टेबलावर येते. त्याच बाजूने मी हे उत्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट व्हावी. फुटबॉलच्या मोठ्या विद्यापीठीय संघात आता १०५ पर्यंत खेळाडू असतात आणि त्यांतले चार-पाच क्वार्टरबॅक असतात. चेंडू झेलणारे रिसीव्हर आळीपाळीने मैदानात उतरतात, बचाव फळीतली मुले दमली की बदलली जातात, धावणाऱ्या रनिंग बॅकलाही विश्रांती मिळते. क्वार्टरबॅक मात्र एकच खेळतो आणि तो ठीक खेळत असेल तर सामना निकालात निघेपर्यंत त्याला कोणी बाहेर काढत नाही. आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण यष्टिरक्षकाचे आहे. किरण मोरे संघात असताना चंद्रकांत पंडित यांच्यासारख्या गुणी खेळाडूच्या वाट्याला जेमतेम पाच कसोटी आल्या, कारण ग्लोव्हज एकाच्याच हातात असतात. पंडित यांना निदान फलंदाज म्हणून संघात घेता येत होते. दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला तीही सोय नसते. त्यामुळे या कारकिर्दीचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो, आणि किती थांबायचे व केव्हा निघायचे हा निर्णय फेकीच्या ताकदीइतकाच भविष्य ठरवतो. आपल्या मुलाला आज या गोष्टीची कल्पना नसणार, कारण शाळेत तो नेहमीच पहिल्या क्रमांकावर होता. विद्यापीठात त्याच्या शेजारी बसणारी बाकीची चार मुलेही आपापल्या शाळेत पहिल्याच क्रमांकावर होती.

काम कसे असते तेही सांगतो, म्हणजे पहिले वर्ष बाकावर जाण्यात कमीपणा का मानू नये ते कळेल. एक चाल संपली की पुढची सुरू करण्यासाठी साधारण ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात मैदानाबाहेरून चाल कळवली जाते. २०२४ च्या हंगामापासून मोठ्या विद्यापीठांत एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येऊ शकतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे सगळे त्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलावर असते. समोरच्या बचाव फळीत मागचे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राहणारे बचावपटू, कुठे उभे आहेत, कोण आत घुसण्याच्या बेतात आहे, आपल्यापुढे उभे राहून अडवणाऱ्या पाच लाइनमननी कोणाला अडवायचे, हे पाहून त्याला ठरलेली चाल ठेवायची की मोडायची ते ठरवावे लागते. चेंडू हातात आल्यावर बहुधा तीन सेकंदांच्या आत तो सोडावा लागतो. चालींची नावे म्हणजे एक स्वतंत्र भाषा असते आणि प्रशिक्षक बदलला की व्याकरणासकट तीही बदलते. माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या मुलांच्या वह्यांत अर्थशास्त्राच्या नोंदींच्या समासात या चालींच्या आकृत्या काढलेल्या असतात, आणि त्याबद्दल रागावणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

वर्षांचा हिशेब असा. माझ्या नोकरीच्या बहुतेक काळात नियम हाच राहिला आहे की विद्यापीठात पाऊल ठेवल्यापासून पाच वर्षांत खेळाडूने चार हंगाम खेळायचे. जे वर्ष तो सराव करतो पण सामने खेळत नाही, त्याला रेडशर्ट म्हणतात, आणि ते वर्ष चार हंगामांत धरले जात नाही. २०१८ पासून त्यात एक सवलत आली: हंगामात चार सामन्यांपर्यंत मैदानात उतरले तरी रेडशर्ट टिकतो. व्यावसायिक लीगची, म्हणजे एनएफएलची, वेगळी अट आहे. शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय तिथे निवड होत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी हा मुलगा कितीही चांगला असला तरी पुढची किमान तीन वर्षे तो विद्यापीठाच्या आवारात असणार आहे. ती वर्षे कशी भरायची एवढाच प्रश्न आपल्या हातात आहे.

हे गणित प्रत्यक्षात कसे उलगडते ते पाहण्यासाठी जो बरो याच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. लोक त्याचे २०१९ चे वर्ष सांगतात. मी पालकांना त्याआधीची चार वर्षे सांगतो.

बरो दक्षिण-पूर्व ओहायोतल्या अ‍ॅथेन्स काउंटीत वाढला. वडील जिम बरो तिथल्या ओहायो विद्यापीठात बचाव फळीचे प्रशिक्षक होते. वडील आणि दोघे मोठे भाऊ नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळलेले, पण धाकट्यासाठी नेब्रास्काकडून ऑफर आली नाही. २०१४ मध्ये त्याने अ‍ॅथेन्सच्या शाळेला राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो सामना टोलेडोच्या सेंट्रल कॅथॉलिक शाळेविरुद्ध ५६-५२ असा हातचा गेला. त्या वर्षी ओहायोचा सर्वोत्तम शालेय खेळाडू म्हणून त्याची निवड झाली आणि २०१५ मध्ये तो ओहायो स्टेट या त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात दाखल झाला.

त्या वेळी तिथली रांग कशी होती ते लक्षात घेण्यासारखे आहे. आदल्या हंगामात, २०१४ मध्ये, ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट हंगामाच्या शेवटी मिशिगनविरुद्ध घोटा मोडून बाहेर गेला. मग तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सने आयुष्यातले पहिले तीन सामने सुरुवातीपासून खेळले: विस्कॉन्सिनविरुद्ध ५९-०, अलाबामाविरुद्ध ४२-३५ आणि ओरेगॉनविरुद्ध ४२-२०. तिसऱ्या सामन्यासोबत राष्ट्रीय विजेतेपदही आले. एका संघाकडे तीन सिद्ध झालेले क्वार्टरबॅक आणि खेळणार एक. मिलरने पुढच्या वर्षी रिसीव्हर होणे पत्करले. बरो या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

२०१५ त्याचे रेडशर्टमध्ये गेले. २०१६ मध्ये तो बॅरेटचा राखीव खेळाडू होता. २०१७ च्या हंगामापूर्वी सरावात त्याच्या फेकीच्या हाताचे हाड मोडले, आणि तो बरा होईपर्यंत ड्वेन हॅस्किन्स नावाचा त्याच्याहून लहान मुलगा दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिशिगनच्या मैदानावर बॅरेटचा गुडघा दुखावला, हॅस्किन्स आत गेला आणि ओहायो स्टेटने पिछाडीवरून तो सामना ३१-२० असा जिंकला. हात मोडला नसता तर त्या दिवशी कदाचित बरो आत गेला असता. या खेळात ‘नंबर लागणे’ म्हणजे काय ते यावरून समजावे. तीन वर्षांत ओहायो स्टेटसाठी त्याने एकूण ३९ पास फेकले, म्हणजे एका चांगल्या क्वार्टरबॅकचे एका सामन्याचे काम.

आता माझ्या कामाचा भाग येतो. २०१८ च्या वसंत ऋतूतल्या सरावानंतरही प्रशिक्षकांनी पहिला क्रमांक कोणाचा ते जाहीर केले नाही, पण वारे कुठे वाहते आहे ते दिसत होते. त्या काळी पदवी न घेता विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉल खेळाडूला नव्या ठिकाणी साधारणपणे एक वर्ष सक्तीने बसावे लागे. पदवी हातात असेल तर मात्र तो लगेच खेळू शके. बरोने तीन वर्षांत कौटुंबिक अर्थव्यवहाराच्या विषयातली पदवी पूर्ण केली होती. म्हणून त्या मे महिन्यात तो ओहायोतून निघून लुइझियाना स्टेट विद्यापीठात, एलएसयूत, गेला तेव्हा त्याच्याकडे खेळण्याचे दोन पूर्ण हंगाम शिल्लक होते. पदवीला चार वर्षे लावली असती तर एकच उरला असता. आणि त्या एका हंगामात काय झाले असते ते आपल्याला ठाऊक आहे, कारण एलएसयूतला त्याचा पहिला हंगाम नोंदलेला आहे: ५७.८ टक्के पास पोहोचले, १६ टचडाऊन (थेट शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोहोचवणारे पास). वाईट नाही, पण त्या आकड्यांवर कोणी कोणाला लक्षात ठेवत नाही. तिकडे हॅस्किन्सने २०१८ मध्ये ओहायो स्टेटसाठी ५० टचडाऊन पास फेकले आणि पहिल्या फेरीत एनएफएलमध्ये त्याची निवड झाली. म्हणजे प्रशिक्षकांचे डोळे चुकले नव्हते आणि बरोचा निर्णयही चुकला नव्हता. दुर्दैवाने २०२२ मध्ये फ्लोरिडात रस्त्यावरच्या अपघातात हॅस्किन्सचा मृत्यू झाला. त्याची आठवण इथे निव्वळ पराभूत स्पर्धक म्हणून केली जाऊ नये, म्हणून हे लिहिले.

२०१९ मध्ये एलएसयूने न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाचा तिशीही न गाठलेला प्रशिक्षक आणला. मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन आणि आक्रमणाचे प्रमुख स्टीव्ह एन्समिंगर यांनी त्याला मोकळीक दिली. रिसीव्हर मैदानभर पसरवायचे, वाचायचे आणि झटपट फेकायचे, ही पद्धत बरोच्या डोक्याला मानवली. जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे त्याचे रिसीव्हर होते, जे दोघेही पुढे एनएफएलमध्ये गाजले, आणि त्याच्या संघाच्या लाइनने त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनचा पुरस्कार मिळवला. परिणाम असा की ७६.३ टक्के पास, ५,६७१ यार्ड, ६० टचडाऊन, केवळ ६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) आणि १५ पैकी १५ विजय. तो टचडाऊनचा तेव्हाचा विक्रम होता. अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ असे हरवले, उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्याच अर्ध्यात सात टचडाऊन पास फेकले आणि १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्लेमसनला ४२-२५ असे नमवले. त्याआधी डिसेंबरात वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला तेव्हा भाषणात तो अ‍ॅथेन्स काउंटीतल्या उपाशी झोपणाऱ्या मुलांविषयी बोलला आणि तिथल्या अन्नसाहाय्य निधीकडे लोकांनी पाच लाख डॉलरांहून अधिक रक्कम पाठवली. एप्रिलमध्ये एनएफएलच्या निवडीत सिनसिनाटीने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले.

मी या दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी का ठेवतो? मुलगा तोच, विद्यापीठ तेच, हात तोच. फरक पद्धतीचा, सोबत्यांचा आणि एका वर्षाच्या सरावाचा. आपल्या मुलाच्या बाबतीत विद्यापीठाचे नाव किती मोठे आहे यापेक्षा तिथला आक्रमणाचा प्रशिक्षक कोणती पद्धत वापरतो, तो तिथे किती काळ टिकण्याची शक्यता आहे, आणि मुलाची खरी ताकद त्या पद्धतीत उपयोगी पडते का, हे अधिक महत्त्वाचे आहे. आणि हेही ध्यानात ठेवावे की यशस्वी प्रशिक्षक टिकत नाहीत. ब्रेडी त्या एका हंगामानंतर व्यावसायिक फुटबॉलमध्ये परतला.

थांबण्याचेही एक उदाहरण देतो, नाहीतर मी केवळ निघून जाण्याची शिफारस करतो आहे असे वाटेल. जेलन हर्ट्स अलाबामाचा पहिला क्वार्टरबॅक होता. त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या २८ सामन्यांपैकी २६ संघाने जिंकले होते. ८ जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतराला प्रशिक्षकांनी त्याला बसवले आणि टुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले. टुआने जादा वेळेत सामना २६-२३ असा जिंकून दिला. सगळ्या देशासमोर अशी जागा गेल्यावर हर्ट्स लगेच निघून जाईल असे सर्वांना वाटले. तो थांबला. पुढचे वर्ष राखीव म्हणून काढले, त्या डिसेंबरात टुआ जायबंदी झाल्यावर आत जाऊन जॉर्जियाविरुद्धचा विभागीय अंतिम सामना ३५-२८ असा फिरवला, त्याच महिन्यात पदवी घेतली आणि मग ओक्लाहोमाला गेला. वर ज्या उपांत्य सामन्याचा उल्लेख केला त्यात बरोच्या समोर हर्ट्सच होता. त्या वर्षीच्या हाइझमनच्या मतदानातही तो दुसरा आला. एनएफएलने त्याला दुसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर घेतले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. एक पदवीनंतर लगेच निघाला, दुसरा अपमान गिळून वर्षभर थांबला, पण दोघांनीही पहिल्या विद्यापीठाचे दार मागे ओढले तेव्हा पदवी हातात होती. माझ्या दृष्टीने त्यांच्यात सारखे आहे ते हेच.

आता नियम बदलले आहेत, आणि आपल्या मुलाला नव्या नियमांत जगायचे आहे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल सुरू झाले. विद्यापीठ बदलू पाहणारा खेळाडू तिथे नाव नोंदवतो आणि इतर विद्यापीठे त्याच्याशी थेट बोलू शकतात. २०२१ मध्ये एकदा बदल करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पूर्ण होत असतील तर, कितीही वेळा. क्वार्टरबॅकांनी या मुभेचा पुरेपूर वापर केला आहे, आणि एका जागेसाठी चौघे झुरण्यापेक्षा तिघांनी दुसरीकडे खेळणे बरे, हे मलाही मान्य आहे. परंतु मुलगा विद्यापीठ बदलतो तेव्हा त्याची सगळी क्रेडिटे त्याच्यासोबत जात नाहीत. नवे विद्यापीठ ती मान्य करते, पण त्यांतली बरीच त्याच्या पदवीच्या आराखड्यात बसत नाहीत. त्यात विद्यापीठीय खेळाच्या संघटनेचा, म्हणजे एनसीएएचा, नियम आहे: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या ६० टक्के आणि पाचव्याच्या सुरुवातीला ८० टक्के भाग पूर्ण हवा. दोन विद्यापीठे बदललेली मुले माझ्यासमोर येतात तेव्हा त्यांच्याकडे ९०-९५ क्रेडिटे असतात आणि कोणत्याही एका पदवीचा धड अर्धा भागही भरलेला नसतो. अशा मुलाला हंगाम वाचवण्यासाठी मग नकोशा विषयात पदवी घ्यावी लागते. पदवी घेऊन बदल केला तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण नव्या ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्याने सुरू होतो.

म्हणून मी आमच्या प्रत्येक क्वार्टरबॅकला पहिल्याच भेटीत तीन ते साडेतीन वर्षांत पदवीचा आराखडा करून देतो. ते वाटते तितके अवघड नाही. शाळेत असतानाच घेतलेल्या विद्यापीठ पातळीच्या विषयांची, म्हणजे एपी आणि ड्युअल क्रेडिटची, क्रेडिटे असतात. यातले पुष्कळ जण डिसेंबरातच शाळा संपवून जानेवारीत विद्यापीठात दाखल होतात, कारण त्यांना वसंतातला सराव हवा असतो. आणि उन्हाळ्यात सगळा संघ तिथेच राहत असल्यामुळे दर उन्हाळ्यात दोन-तीन विषय सहज उरकतात. अडचण असते ती विषयांच्या निवडीची. आपल्या घरांत अभियांत्रिकीचा आग्रह असतो, त्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. बंदी कुठेच नाही, आणि फुटबॉल खेळून अभियंते झालेली मुले मी पाहिली आहेत. मात्र प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारी असतात आणि अनेक ठिकाणी सरावही दुपारीच असतो. नियमानुसार हंगामात खेळाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण त्यात ‘स्वेच्छेने’ पाहिलेल्या सामन्यांच्या चित्रफिती, मालिश-उपचार आणि प्रवास धरले जात नाहीत, आणि क्वार्टरबॅकची स्वेच्छा बाकीच्यांपेक्षा नेहमीच मोठी असावी लागते. विद्यापीठाच्या भेटीत प्रशिक्षकांना विचारू नका, शैक्षणिक सल्लागाराला गाठा आणि थेट विचारा की गेल्या पाच वर्षांत या संघातील किती क्वार्टरबॅकांनी कोणत्या विषयात पदवी घेतली. उत्तर देताना तो छताकडे पाहू लागला तर काय ते समजा.

पैशांविषयी. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा वापरू देऊन जाहिरातींतून कमाई करता येते, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी सर्व खेळ मिळून ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. यातला मोठा वाटा फुटबॉलकडे आणि त्यातही क्वार्टरबॅककडे जातो. ही रक्कम करपात्र असते आणि करारात मध्येच सोडून गेल्यास परतफेडीची कलमे असू शकतात, त्यामुळे वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नये. आपल्या प्रश्नात व्हिसाचा उल्लेख नाही, पण आपल्यासारख्या कुटुंबांसाठी तो मुद्दा सर्वांत आधी यावा. मुलगा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर प्रश्न नाही. तो आईवडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर असेल तर त्याला काम करून कमावता येत नाही आणि २१ व्या वर्षी तो दर्जाही संपतो, म्हणजे नेमका खेळाच्या ऐन भरात. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर गेल्यास खेळता येते, शिष्यवृत्ती घेता येते, पण काम करून पैसे घेण्यावर कडक बंधने आहेत, आणि सोबत्यांप्रमाणे जाहिरात करून टाकली तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. यासाठी इमिग्रेशनचा वकील लागतो, फुटबॉलचा एजंट नव्हे.

दुखापतींविषयी मी वैद्यकीय सल्ला देणार नाही. एवढेच सांगतो की त्याच टुआचे नितंबाचे हाड नोव्हेंबर २०१९ मध्ये सांध्यातून निखळले आणि तरीही पाच महिन्यांनी तो पाचव्या क्रमांकावर निवडला गेला, परंतु तसे नशीब क्वचितच असते. बरोचाही गुडघा एनएफएलच्या पहिल्याच हंगामात जायबंदी झाला. विद्यापीठात खेळणाऱ्या शंभर फुटबॉलपटूंतले फार तर दोघे व्यावसायिक होतात. माझ्याकडून पदवी घेऊन गेलेले क्वार्टरबॅक बहुतेक करून शाळांत प्रशिक्षक आहेत, विमा आणि वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीत आहेत, एक जण वकील आहे. त्याने आमच्याकडे चार वर्षांत एकही पास फेकला नाही, पण बाजूला उभे राहून पहिल्या क्रमांकाच्या मुलाला चालींच्या खुणा करून देण्याचे काम मात्र एकाही सामन्यात चुकवले नाही.

शेवटी, या आठवड्यात करायचे काम. एनसीएएच्या पहिल्या गटात (डिव्हिजन वनमध्ये) खेळण्यासाठी शाळेतले १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते. त्यांतले दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वी संपलेले असावे लागतात आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. बारावीत ते पुन्हा करून गुण सुधारण्याची सोय पहिल्या गटात नाही. मुलगा अकरावीत आहे, म्हणजे हे दार याच वर्षी बंद होते. शाळेच्या समुपदेशकाकडून नववीपासूनची गुणपत्रिका मागवा आणि एनसीएएच्या पात्रता केंद्राच्या यादीत आपल्या शाळेचे कोणते विषय मान्य आहेत ते एकेक करून ताडून पाहा, कारण शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक विषय त्या यादीत नसतो. दोन्ही प्रशिक्षकांनी तोंडी ऑफर दिली तरी ती सध्या कोणालाच बांधील नसते, त्यामुळे त्यांना उत्तर देण्याची घाई नको. त्यांना फक्त इतके विचारा की याच वर्गात ते आणखी किती क्वार्टरबॅक घेणार आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत पोर्टलमधून किती घेतले.